कुरकुरीत चकली आणि ‘मक्याची’ पिशवी: विघटनशील फिल्म्स नेमक्या कशा वागतात?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

आजचा विषय जरा ‘मटेरियल’वाला आहे. मी शिकलो बीटेक आणि नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे प्रयोगशाळेतला माणूस म्हणून नाही, तर चार महिने या विषयाच्या मागे लागलेला माणूस म्हणून बोलतोय. मागे लागायचं कारण म्हणजे माझी आत्या.

आत्या चिपळूणला असते. घरगुती फराळ करून विकते. चकली, चिवडा, कडबोळी, बेसनाचे लाडू. गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे तिचा खरा सीझन, कारण मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी असतात. गेल्या वर्षी काही गिऱ्हाइकांनी विचारलं, “काकू, प्लॅस्टिक टाळता येईल का?” तिलाही ते पटलं. एका पुरवठादाराने सांगितलं की आमची पिशवी शंभर टक्के मक्याची, मातीत विरघळते, बाकी सगळं प्लॅस्टिकसारखंच. आत्याने मला फोन केला. म्हणाली, “अरे, तू इंजिनिअर ना? मग सांग, हिच्यात चकली आठ दिवस टिकेल का?”

प्रश्न एवढाच होता. पण उत्तर चुकलं तर तिचा आख्खा सीझन मऊ पडणार होता. म्हणून आज आपण बघणार आहोत की वनस्पतींपासून केलेली ही पातळ फिल्म कशाची असते, किती ओढ सहन करते, पाणी आणि हवा किती आत सोडते, आणि शेवटी कुठे आणि कशी कुजते.

चिकवडी म्हणजेच फिल्म

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी उन्हाळ्यात साबुदाण्याच्या किंवा तांदळाच्या पापड्या घालतात, त्यांनी बायोप्लॅस्टिक फिल्म बनताना पाहिलेली आहे. खरंच सांगतो.

पीठ पाण्यात शिजवायचं. सुरुवातीला पांढरं, गढूळ असतं. मग एका क्षणी ते घट्ट होतं, पारदर्शक होतं, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, “चीक शिजला.” याला शास्त्रात जिलेटिनायझेशन म्हणतात. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि आतल्या लांब साखळ्या मोकळ्या होतात. मग तो चीक पातळ पसरायचा, वाळवायचा आणि सोलून काढायचा. प्रयोगशाळेत अगदी हेच करतात. काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या ताटलीत मोजून ओततात, ओव्हनमध्ये वाळवतात आणि त्याला ‘सॉल्व्हंट कास्टिंग’ म्हणतात. गच्चीवरचा प्लॅस्टिकचा कागद आणि एप्रिलचं ऊन एवढाच फरक.

स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. अमायलोज सरळ, लांब. अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं, झुडपासारखं. बहुतेक धान्यांत अमायलोज २० ते ३० टक्के असतं. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून नीट बसतात, म्हणून अमायलोज जास्त असलेली फिल्म मजबूत होते. फांद्यावाल्या साखळ्या तितक्या नीट बसत नाहीत.

आता चिकवडी वाकवून बघा. कडकन तुटते. पिशवी अशी तुटून चालत नाही. म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, बहुतेक वेळा ग्लिसरॉल, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळतं ते ग्लिसरिन. स्टार्चच्या वजनाच्या २० ते ४० टक्के. ग्लिसरॉलचे छोटे रेणू साखळ्यांच्या मधे शिरतात, साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल करतात, आणि फिल्म लवचीक होते.

पण इथेच पहिला सौदा होतो. ग्लिसरॉल वाढवलं की लवचिकता वाढते, मजबुती कमी होते, आणि पाण्याची वाफ आत शिरायला वाट मोकळी होते. तिन्ही एकदम. एक बटण फिरवलं की तीन काटे हलतात. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा वाटेल.

आणखी एक गंमत. शिळा भात फ्रिजमध्ये टणक का होतो? मोकळ्या झालेल्या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींजवळ येऊन ओळीत बसतात. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. स्टार्चच्या फिल्मलाही हेच होतं. आज मऊ असलेली फिल्म काही आठवड्यांनी ठिसूळ लागते. म्हणजे फिल्मचा आकडा विचारताना “बनवल्यावर किती दिवसांनी मोजला?” हाही प्रश्न आलाच.

ओढलं तर काय होतं?

मजबुती मोजायची पद्धत सोपी आहे. फिल्मची पट्टी कापायची, दोन चिमट्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. तुटताना किती ताण होता ती टेन्साइल स्ट्रेंग्थ, आणि तुटण्याआधी किती लांबली ते इलाँगेशन.

ताणाचं एकक मेगापास्कल. ते डोळ्यासमोर येत नाही, म्हणून मी असं करतो: २५ मिलिमीटर रुंद आणि ४० मायक्रॉन जाड पट्टी घ्या. तिचा छेद होतो बरोबर १ चौरस मिलिमीटर. अशा पट्टीला १ मेगापास्कल म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजन टांगणं.

आता तुलना. आपली नेहमीची पॉलिथिनची, म्हणजे एलडीपीईची फिल्म १० ते २० मेगापास्कल सहन करते, म्हणजे या पट्टीला एक ते दोन किलो. आणि तुटण्याआधी मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणली जाते. स्टार्च-ग्लिसरॉलच्या साध्या फिल्म्स बहुतेक २ ते १० मेगापास्कलमध्ये असतात. पीएलए, म्हणजे मका किंवा उसाच्या साखरेपासून आंबवून केलेल्या लॅक्टिक आम्लाचं पॉलिमर, हे ५०-६० मेगापास्कलपर्यंत जातं. पाच-सहा किलो! पण लांबतं जेमतेम काही टक्के. म्हणून पीएलएचा कागद हातात चुरचुर वाजतो आणि घडीवर फाटतो. शिवाय ५५-६० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत पीएलएचा ग्लास ठेवून बघा.

म्हणजे स्टार्च स्वस्त पण कमजोर, पीएलए मजबूत पण ठिसूळ. मग बाजारातली ‘मक्याची’ पिशवी एवढी मऊ आणि ताणली जाणारी कशी? उत्तर असं की तिच्यात बहुतेक वेळा पीबीएटी नावाचं तिसरं पॉलिमर असतं, आणि अनेकदा तेच जास्त असतं. पीबीएटी जैविकरीत्या विघटन होणारं आहे, पण ते सहसा खनिज तेलापासून बनतं. फसवणूक नाही ही, मिश्रण आहे. पण “शंभर टक्के मका” हे वाक्य ऐकलं की जरा थांबा. मीही त्या पुरवठादाराला “मिश्रणात काय काय आहे?” विचारलं. उत्तर आलं, “सर, सगळं नॅचरल आहे.”

हे दोन शब्द वेगळे ठेवा. कशापासून बनलं हा एक प्रश्न, आणि कुजतं का हा दुसरा. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनी उसापासून पॉलिथिन बनवते. ते उसापासूनचं आहे, पण कुजत नाही, कारण रेणू पॉलिथिनचाच आहे. आणि पीबीएटी तेलापासूनचं असून कुजतं. झाडापासून आलं म्हणजे मातीत जाईलच असं नाही.

खरा शत्रू: पाणी

आता चकलीकडे येऊ. चकलीला ओढ सहन करायची नाहीये. तिला कोरडं राहायचंय.

वाफ किती शिरते हे मोजायला प्रयोगशाळेत एक कप घेतात, आत पाणी शोषणारा पदार्थ ठेवतात, तोंडाला फिल्म घट्ट बसवतात, दमट पेटीत ठेवतात आणि रोज वजन करतात. वजन वाढलं तेवढी वाफ फिल्ममधून आत गेली.

आकडे ऐका. पॉलिथिनच्या तुलनेत तेवढ्याच जाडीचं पीएलए साधारण दहा-वीसपट वाफ आत सोडतं. स्टार्चची साधी फिल्म तर शंभरपट आणि त्याच्याही वर. कारण रेणूतच आहे. पॉलिथिनची साखळी म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, पाण्याशी तिचं काही देणंघेणं नाही. स्टार्चच्या साखळीवर मात्र जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात, आणि पाणी त्यांना लगेच चिकटतं. गंमत अशी की पाणी नुसतं आरपार जात नाही, ते आत बसून स्वतःच प्लास्टिसायझरचं काम करतं. फिल्म आणखी सैल होते आणि आणखी पाणी आत येतं.

म्हणून प्रयोगशाळेत चाचणीआधी फिल्म ठरलेल्या हवेत ठेवतात, साधारण २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता. माहितीपत्रकातले सुंदर आकडे बहुतेक त्या हवेतले असतात. आता चिपळूणचा श्रावण आठवा. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस ओला राहतो ती हवा. तिथे तीच फिल्म वेगळी वागणार. मायक्रॉन तेच, पिशवी तीच, आकडे वेगळे.

आम्ही मग घरीच करून पाहिलं. आत्याच्या हातच्या एकाच घाण्याच्या चकल्या, पाव-पाव किलोची पाकिटं, तीन प्रकारच्या पिशव्या: ती ‘मक्याची’, साधी पॉलिथिनची आणि जाड पॉलिप्रॉपिलीनची. तोंड घट्ट बंद. रोज संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. मक्याच्या पिशवीचं वजन दुसऱ्या दिवसापासून चढायला लागलं. चौथ्या दिवशी आत्याने तिच्यातली चकली मोडायला घेतली तर ती तुटण्याआधी वाकली. आत्या म्हणाली, “ही मी गिऱ्हाइकाला देणार नाही.” जाड पिशवीतली आठव्या दिवशीही कुडुम वाजली.

हा काही शास्त्रीय पेपर नाही, पण आम्हाला पुरेसा होता.

खवट आणि मऊ या दोन वेगळ्या गोष्टी

इथे मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग. फराळ दोन प्रकारे बिघडतो. पाणी शिरलं की मऊ पडतो. ऑक्सिजन शिरला की तेल खवट होतं.

आणि ऑक्सिजन अडवण्यात पॉलिथिन अगदी सुमार आहे! उलट कोरडी स्टार्चची फिल्म ऑक्सिजन चांगला अडवते, कारण तिच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना गच्च धरून असतात आणि ऑक्सिजनला त्यात रस नसतो. म्हणजे जो गुण पाण्यासमोर कमजोरी ठरतो, तोच हवेसमोर ताकद ठरतो. फक्त अट एवढीच की फिल्म कोरडी राहिली पाहिजे. पाणी शिरलं की ही पकडही सुटते.

मग उपाय सुचतोच: दोघांना एकत्र आणा. आत हवा अडवणारा थर, बाहेर पाणी अडवणारा. केळीचं पान हेच करतं. आत सेल्युलोजचा सांगाडा, वर क्युटिन आणि मेणाचा पातळ थर. पानावर वरण वाढलं की ओघळतं, पान भिजत नाही, ते त्या मेणामुळे.

हे आधीही घडलंय

आणि हा उपाय नवा नाही. स्वित्झर्लंडच्या जॅक ब्रँडनबर्गरने १९०८ च्या सुमारास सेल्युलोजपासून पारदर्शक फिल्म बनवली. नाव सेलोफेन. झाडाच्या लगद्यापासून केलेली, चकचकीत, ऑक्सिजन छान अडवणारी. अडचण एकच: पाण्याची वाफ आरपार जायची. सेलोफेनमधली सिगारेट आणि केक कोरडे पडायचे. १९२७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत विल्यम हेल चार्च यांनी तिच्यावर नायट्रोसेल्युलोज आणि मेणाचा अतिशय पातळ लेप दिला, आणि मग सेलोफेन खाद्यपदार्थांवर सगळीकडे दिसू लागलं. पुढे स्वस्त पॉलिप्रॉपिलीन आलं आणि त्याने ती जागा घेतली.

आपल्याकडे आकाशकंदिलाला लावतात तो रंगीत ‘जिलेटिन पेपर’ एकेकाळी बहुतेक सेलोफेनच असायचा. आज दुकानात त्या नावाने जे मिळतं ते पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीन असतं. ओळखायचं असेल तर चिमट्यात छोटा तुकडा धरून पेटवा. सेलोफेन कागदासारखं जळून राख होतं, प्लॅस्टिक वितळून गोळा होतं.

आजही लेप दिलेल्या, कंपोस्ट होणाऱ्या सेल्युलोज फिल्म्स मिळतात. म्हणजे झाडापासून केलेल्या फिल्ममध्ये चकली टिकवणं अशक्य नाही. पण तो थर जितका चांगला पाणी अडवतो, तितका जंतूंनाही उशीर करतो. कुजायला पाणी लागतंच. पाणी आत येऊ नये आणि लवकर कुजावं, या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात ओढतात. या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन, मग त्यात मातीचे नॅनोकण घाला, सेल्युलोजचे तंतू घाला किंवा सायट्रिक आम्लाने साखळ्या बांधा, याच रस्सीखेचीत चाललेलं आहे.

कुजतं, पण कुठे?

‘कंपोस्टेबल’ या शब्दाला नियम आहे. आयएसओ १७०८८ आणि त्यावर आधारलेलं आपलं भारतीय मानक. साधारण ५८ अंश तापमानाच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांत त्यातला ९० टक्के कार्बन, कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. ५८ अंश! एवढी उष्णता मोठ्या कंपोस्ट प्रकल्पाच्या ढिगात असते. सोसायटीच्या कुंडीत नाही, नाल्यात नाही, वाशिष्ठीच्या पात्रात तर नाहीच.

ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांचा २०१९ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी वेगवेगळ्या पिशव्या तीन वर्षं हवेत, मातीत आणि समुद्रात ठेवल्या. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली. पण मातीत ती २७ महिन्यांनंतरही होती, फक्त वजन पेलत नव्हती. आणि ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली दुसरी पिशवी तीन वर्षं मातीत राहून सामान भरून नेण्याइतकी शाबूत होती.

आपल्याकडे कंपोस्टेबल पिशव्यांना जाडीच्या नियमातून सूट आहे. साधी प्लॅस्टिकची कॅरीबॅग ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ चालत नाही, पण प्रमाणित कंपोस्टेबल चालते. म्हणून त्या शब्दाचा मोह विक्रेत्यांना पडतो. पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला आहे का ते बघा. नुसतं हिरवं पान छापायला काही लागत नाही.

मग आत्याने काय केलं?

तिने माल दोन भागांत विभागला. चिपळुणातल्या गिऱ्हाइकांना स्टीलचे डबे, डबा परत आणला की पुढच्या वेळी पैसे कमी. मुंबई-पुण्याची चकली आणि चिवडा जाड पॉलिप्रॉपिलीनमध्येच, एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे निदान भंगारवाल्याकडे पुन्हा वापरात जाण्याची शक्यता. लाडू कागदी खोक्यात, कारण लाडवाला कुरकुरीत राहायचं नाहीये. आणि ज्यांनी प्लॅस्टिक टाळायला सांगितलं होतं त्यांना तिने स्वतः फोन करून कारण सांगितलं. म्हणाली, “मऊ चकली फेकून दिलीत तर तेल, भाजणी, गॅस, माझा दिवस, सगळंच कचऱ्यात गेलं की.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फेकलेलं अन्न हाही कचराच.

पण म्हणून या फिल्म्स निरुपयोगी नाहीत. वाफ सोडणं हा जिथे गुण आहे तिथे त्या चोख काम करतात. ओल्या कचऱ्याच्या बादलीत लावायची पिशवी: वाफ निघून जाते, कचरा कमी सडतो, आणि शहरात कंपोस्ट प्रकल्प असेल तर पिशवीसकट ढिगात जातो. मेथी-कोथिंबिरीची जुडी: आत पाणी साचत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे शेतातलं मल्चिंग. आपल्याकडे मिरची, कलिंगड, स्ट्रॉबेरीला २५-३० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरतात. हंगाम संपला की तो फाटतो, तुकडे मातीत राहतात, गोळा करायची मजुरी परवडत नाही. तिथे नांगरून मातीत मिसळता येणारी फिल्म खरंच अर्थपूर्ण आहे. त्यासाठी युरोपात २०१८ मध्ये वेगळं मानकही आलं, ईएन १७०३३, आणि त्यात चाचणी ५८ अंशांवर नाही, तर साध्या मातीत, २५ अंशांच्या आसपास, दोन वर्षांच्या मुदतीत होते.

आणि हे काम आपल्यापासून लांब नाही. पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजचा बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला आहे. उसाच्या पट्ट्यात साखरेपासून पीएलए बनणं हे ऐकायला जितकं साहजिक वाटतं, तितकंच ते आहे.

तर मंडळी, कोणी तुम्हाला विघटनशील पिशवी विकायला आलं तर चार प्रश्न विचारा. मिश्रणात कोणती पॉलिमर आहेत? वाफ किती सोडते, आणि ते किती आर्द्रतेला मोजलंय? कोणत्या मानकाने प्रमाणित आहे? आणि आमच्या गावात ती जिथे टाकली जाणार, तिथे ती कुजेल का? पहिल्या तिघांची उत्तरं पुरवठादाराने द्यायची. चौथ्याचं मात्र आपल्या नगरपालिकेला विचारावं लागेल, आणि ते विचारायलाच हवं.

तुमच्या घरी किंवा व्यवसायात अशा पिशव्या वापरून पाहिल्या असतील तर अनुभव नक्की कळवा, विशेषतः कोकणातल्या आणि घाटावरच्या मंडळींनी, म्हणजे हवेचा फरक किती पडतो ते समजेल. भेटू पुढच्या भागात.